कर्करोग-शिक्षण, संशोधन आणि गावाचा सहभाग
(व्याख्यान)



पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीच्या डोंगरात वसलेले गाव. डोंगर उतरून पोलादपूर, तेथून महाड आणि आजार मोठा असेल तर मुंबईचे परळ, असा येथील रुग्णाचा प्रवास. अशा गावातील एखाद्या स्त्रीला अवेळी रक्तस्राव होऊ लागला, तर ती ते कोणाला सांगणार? सांगितले, तरी तपासणीला कधी पोहोचणार? कर्करोगाचा बराचसा घात या विलंबातच असतो. तो एकट्या रुग्णालयाला दूर करता येत नाही, त्यासाठी समाज लागतो. महाराष्ट्रातील खेड्यांनीच याची प्रचिती दिली आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. शहरात रुग्णालयांच्या दप्तरातून रुग्णांची नोंद मिळते. खेड्यातील रुग्ण रुग्णालयात जातच नसेल, तर नोंद मिळणार कोठून? म्हणून डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कार्यात कार्यकर्ते गावोगावी गेले. गावातील जाणत्या मंडळींना भेटून त्यांनी लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीस येण्यास उद्युक्त केले. मोजणीसाठी गेलेले कार्यकर्ते असे गावाचे शिक्षक झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या, हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या विश्वासावरच पुढचे मोठे संशोधन उभे राहिले. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. गावांच्या ५२ समूहांचे चार गट केले गेले. तीन गटांत तपासणीच्या तीन निरनिराळ्या पद्धती वापरल्या, चौथा गट तुलनेसाठी होता. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनागटात ६४. जगभरातील तपासणीच्या धोरणांना या खेड्यांतील स्त्रियांनी आधार दिला.

परंतु याच संशोधनाने एक कठीण प्रश्नही पुढे आणला. तुलनागटातील स्त्रियांना तपासणी न देणे योग्य होते का, यावर जाहीर वाद झाला. तेथे पूर्वीपासून तपासणीची सोय नव्हती, असे एक उत्तर दिले गेले. गरिबीने निर्माण केलेला अभाव संशोधनाचा आधार व्हावा का, हा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही. म्हणून सहभाग म्हणजे केवळ संमतिपत्रावरील अंगठा नव्हे. काय तपासणार, कशासाठी, नकार दिला तर उपचारात उणीव येईल का, निष्कर्ष कोण सांगणार आणि दोष आढळल्यास पुढचा उपचार कोठे होणार, हे गावाने आधी विचारले पाहिजे. विचारणारे गाव हेच संशोधनाचे खरे भागीदार.

कुडपणसारख्या गावांसाठी विश्वस्त संस्थांनी रुग्णालय बांधणे आवश्यक नाही. तपासणीच्या दिवशी वाहनाची सोय, सोबतीला एखादी जाणती भगिनी आणि आशा कार्यकर्तीशी सततचा संपर्क, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. मिश्री व तंबाखू यांविषयी घराघरांत बोलले पाहिजे. आपल्या समाजात ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी या मालाला फळीवर जागा द्यावी का, याचाही विचार करावा.

एका दिवसाचे शिबिर भरवणे सोपे आहे. शिबिरात दोष आढळलेली स्त्री उपचार पूर्ण करून घरी परतली की नाही, याची वही ठेवणे अवघड आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने ती वही हाती घ्यावी. तिच्यातील प्रत्येक नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असे लिहिले जाईपर्यंत ती मिटू नये.