सहा आठवडे आणि चार वर्षे

(आपल्या कार्याच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात मी दोन दिवस एका प्रशिक्षणाला बसले होते. सोबत हाडांचे डॉक्टर होते, फिजिओथेरपिस्ट होते, प्लास्टर बांधणारे तंत्रज्ञ होते. बाळाचे जन्मतः आत वळलेले पाऊल हाताने हळूहळू सरळ कसे करायचे, हा विषय होता. या व्यंगाला क्लबफूट म्हणतात. जन्माला येणाऱ्या हजार मुलांमागे साधारण एकाला ते असते. मी काही डॉक्टर नाही. थिऑलॉजीचा डिप्लोमा आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काढलेली वर्षे, एवढेच माझे शिक्षण. पण अशा बाळांना पाड्यावरून दवाखान्यात आणते मी, म्हणून मलाही बोलावले होते. तिथे काय शिकले ते सांगते. नंतर एक गोष्ट कबूल करायची आहे.

ही पद्धत डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांची. स्पेनमधल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा हा मुलगा यादवी युद्धानंतर देश सोडून निघाला आणि १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा इथे पोहोचला. तेव्हा अशा पावलांवर मोठ्या शस्त्रक्रिया होत. पाऊल सरळ दिसे, पण मूल मोठे झाले की तेच पाऊल ताठर आणि दुखरे झालेले त्यांनी पाहिले. म्हणून त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि हात पुढे केले.

तो हात कसा चालतो, हे मी जवळून पाहिले. आई बाळाला अंगावर पाजत असते आणि समोर बसलेला माणूस बाळाचे पाऊल हातात घेतो. आधी अंगठ्याकडची बाजू किंचित वर उचलून तळव्याची खोल कमान सारखी करतो. मग घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला, टेलस नावाच्या हाडाचा उंचवटा बोटाने शोधतो. तिथे आपला अंगठा टेकवतो आणि पुढचे पाऊल हळूहळू बाहेर वळवतो. टाचेला मात्र हात लावायचा नाही. ती आपोआप मागोमाग येते. अंगठा बोटभर पुढे, चुकीच्या हाडावर पडला, तर टाच जागीच अडकते आणि कितीही दाबले तरी पाऊल सुधारत नाही. आमच्या शिक्षकांनी हे एकेकाकडून पंचवीस-तीस वेळा करून घेतले. जोर लावायचाच नाही, असे ते पुन्हा पुन्हा सांगत. बाळ रडायला लागले तर आपला हात चुकला असे समजायचे.

एवढे झाले की बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा वाकवून, प्लास्टर घालतात. ते आठवडाभर राहते. पुढच्या आठवड्यात पाऊल आणखी थोडे वळवून नवे प्लास्टर. अशी पाच-सहा प्लास्टरे होतात. बहुतेक मुलांच्या टाचेमागची ताठ कंडरा शेवटी एका बारीक छेदाने सैल करावी लागते. त्यानंतरचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. जी हाडे अजून पुरती हाडे झालेलीच नाहीत, ती अशा मऊ हाताने वळतात. युगांडा आणि मलावीत हाडांचे डॉक्टर फार थोडे. तिथे डॉक्टर नसलेले, पण नीट शिकवलेले आरोग्य कर्मचारी हेच काम करतात.

पण प्लास्टर निघाले म्हणजे काम संपले, असे नाही. तिथून पुढे दोन बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास. पुढे मूल चार वर्षांचे होईपर्यंत रोज रात्री आणि दुपारच्या झोपेत. हे बूट सुटले की पाऊल पुन्हा आत वळते. मुलांचे पाय पुन्हा वाकडे होण्याचे मुख्य कारण हेच असते, असे पोन्सेती सांगत आले.

आता कबुली देते.

तीन वर्षांपूर्वी याच ठिकाणी उभी राहून मी तुम्हाला एक फोटो दाखवला होता. आठवत असेल काहींना. चार-पाच महिन्यांचे वारली बाळ, दोन्ही पाय सरळ, आई हसते आहे. ते बाळ तीन आठवड्यांचे असताना मला त्याच्या पाड्यावर सापडले होते. आईने ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असे झाले, असे घरचे म्हणत होते आणि ती बिचारी मान खाली घालून ऐकत होती. सहा बुधवार मी तिच्याबरोबर पहाटेच्या एसटीने दवाखान्यात गेले. पाय सरळ झाले. बूट मिळाले. मी फोटो काढला, तुम्हाला दाखवला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

त्या दिवशी ते बूट कुठे होते, हे मला माहीत नव्हते. दिवाळी झाल्यावर ते कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. आपल्या पाड्यांवरची किती घरे दिवाळीनंतर अशी कुलूपबंद होतात, हे मला ठाऊक होते. तरीही कुठल्या भट्टीवर जाताय, हे मी विचारले नाही. जूनमध्ये ती परत आली, तेव्हा बाळाच्या पायाची बोटे पुन्हा एकमेकांकडे वळलेली होती.

मी तिच्यावर रागावले. आज सांगताना लाज वाटते. ती शांतपणे म्हणाली, "ताई, बुटाने टाचेला फोड आला. दोन दिवस काढून ठेवले, मग पाय बुटात जाईना. विचारायचं कोणाला? तिथं कोणी नव्हतं."

तिथे कोणी नव्हते. दवाखान्यातल्या माणसाचा अंगठा योग्य जागी होता, आईही सहा आठवडे चुकली नव्हती. हात सुटला होता तो माझा. आणि मी तुम्हाला पहिला फोटो दाखवला, दुसरा दाखवला नाही. मदत देणाऱ्यांना वाईट वाटेल, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर मला माझी लाज झाकायची होती. त्या लेकराचे व्यंग देवाच्या मंडळीपासून लपवण्याचा मला काय अधिकार होता?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण लहानपणापासून ऐकत आलो. जन्मापासून पांगळा असलेला माणूस, मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजाशी रोज कोणीतरी उचलून आणून ठेवलेला. पेत्राने त्याचा उजवा हात धरून त्याला उठवले आणि त्याच्या पावलांत व घोट्यांत बळ आले, इथपर्यंत मी अनेकदा उपदेश केला आहे. पण अकराव्या वचनाकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. बरा झाल्यावरही तो पेत्र आणि योहान यांना धरूनच होता, असे तिथे लिहिले आहे. पाय बरे झाले, पण धरायला माणूस अजून हवा होता. आणि पेत्र-योहान त्याला झटकून पुढे निघून गेले नाहीत.

ते बाळ पुन्हा दवाखान्यात गेले. पुन्हा प्लास्टर झाले, कारण अशी पावले बहुधा पुन्हा वळवता येतात. आज तो साडेतीन वर्षांचा आहे. चालतो, शेरडांमागे धावतो. उजवे पाऊल अजून थोडे ताठर आहे. रात्री त्याचा बाप स्वतः बूट चढवतो. पुढे काय होईल, ते पुढची वर्षे सांगतील. म्हणून आज मी फोटो आणलेला नाही.

आम्ही काय बदलले, तेही सांगते. पाड्यांवरच्या सुइणींना आम्ही ओळखायला शिकवतो. वाकडे पाऊल हलक्या हाताने सहज सरळ होत नसेल, तर तेल चोळत बसायचे नाही, पहिल्याच आठवड्यात आम्हाला कळवायचे. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि क्लबफूट त्याच्या यादीत आहे, त्यामुळे उपचारांसाठी घरच्यांना कर्ज काढावे लागू नये. बूट कसे घालायचे, हे आता आईबरोबर बापाला आणि आजीलाही दाखवतो. आतून सुती मोजा, टाच खाली टेकलेली, पट्टा घट्ट. दिवाळीआधी प्रत्येक घराकडून भट्टीचे गाव आणि मुकादमाचा फोन लिहून घेतो. मोठ्या मापाचा जोड सोबत देतो.

तरी भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांवर दर महिन्याला पोहोचणे माझ्याने होत नाही. आणि या गावांतल्या मंडळ्यांची कितीतरी माणसे आज इथे बसली आहेत. त्यांच्याकडे माझे मागणे आहे. महिन्यातून एकदा, रविवारच्या उपासनेनंतर, एका भट्टीवर जा. बाळाचे बूट बघा, टाच बघा, फोड असेल तर मला फोन करा. अर्धा तास लागेल. डॉक्टर असण्याची गरज नाही.

अंगठा कुठे ठेवायचा, हे शिकलेले हात आता आपल्या भागात आहेत, त्याबद्दल देवाला धन्यवाद. त्यांचे काम सहा आठवड्यांचे. उरलेली चार वर्षे आपली. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. सध्या सात बाळे भट्ट्यांवर आहेत. जाताना वहीत आपले नाव आणि आपल्याला जवळची भट्टी लिहून जा.

प्रभू आपल्या सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.