इद्दतीतलं पत्र

सेनेगलच्या मारियामा बा यांची फ्रेंच कादंबरी १९७९ साली आली. ‘इतकं लांब पत्र’ असा तिच्या नावाचा अर्थ. विधवा रामातुलाय इद्दतीत बसून मैत्रिणीला, ऐसातूला, लिहिते आहे. दोघींच्याही संसारात सवत आली. ऐसातू मुलं घेऊन बाहेर पडली, शिकली, दुभाषी झाली. रामातुलाय राहिली. नवऱ्याने लेकीच्याच मैत्रिणीशी लग्न केलं, हेही तिला निकाहानंतर सांगितलं गेलं! चाळिसाव्याला थोरला दीर येतो आणि तिला न विचारता लग्न ठरवून मोकळा होतो. वर्षानुवर्षं गप्प राहिलेली ती तेव्हा त्याला खडसावते. नमाज, रोजे पाळणारीच ही बाई. लेखिका ऐसातूच्या जाण्याला आणि हिच्या राहण्याला सारखाच मान देते. सबलीकरण म्हणजे तरी काय? निर्णय तिचा असावा, एवढंच.