पन्नाशीतले कपडे आणि आपलं ऊन
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर मी का बोलते आहे, हे आधी सांगते. आपला मेळावा मे महिन्यात ठरला, कारण पुण्या-मुंबईच्या आणि बंगळुरूच्या मंडळींना मुलांच्या सुट्ट्यांमध्येच येता येतं. मग ग्रुपवर पंधरा दिवस एकच चर्चा चालली. बायकांनी एकसारखी कोशाची साडी नेसायची आणि पुरुषांनी ब्लेझर घालायचा. मी लिहिलं, "चंद्रपुरात मे महिन्यात ब्लेझर घातलात तर सत्काराआधी सलाईन लावावं लागेल." त्यावर संयोजकांनी शिक्षा दिली, "मग काय घालायचं ते तूच स्टेजवर येऊन सांग." म्हणून ही उभी आहे. आणि समोर पाहते तर दोघांनी ब्लेझर घातलाच आहे. त्यांना कूलरसमोरच्या खुर्च्या द्या.

मी काही फॅशनमधली बाई नाही. चंद्रपुरात नोकरी करते, स्कूटीवर जाते-येते, आणि तुमच्यासारखीच पन्नाशी ओलांडली आहे. मी सांगणार ते पुस्तकातलं थोडं आणि अंगावर बेतलेलं जास्त आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवतपा सुरू होता. ऑफिसात वरिष्ठ येणार म्हणून मी जॉर्जेटची साडी नेसले होते, आत सॅटिनचा परकर, आणि ब्लाऊज असा की शिवला तेव्हा मी आठ किलोंनी हलकी होते. त्या वर्षी मला ते सुरू झालं होतं, ज्याबद्दल आपण बायका एकमेकींशीसुद्धा कुजबुजत बोलतो. पाळी जाण्याचा काळ. अचानक छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, दोन-चार मिनिटं राहते, घामाने भिजवते आणि जाते. मी कोणाला सांगितलं नव्हतं. दुपारी दोन वाजता गोल बाजारात एका कामासाठी उतरले, वरून ऊन, आतून ही वाफ, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मी भाजीच्या दुकानाच्या कडेला बसले, असं मला वाटतं. लोक म्हणतात, पडले.

शुद्धीवर आले तेव्हा भाजीवाली बाई माझ्या ब्लाऊजचे वरचे हूक काढून, पदराआड धरून, ओल्या दुपट्ट्याने मान पुसत होती. तिच्या अंगावर साडी, आणि साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा सुती शर्ट. ती म्हणाली, "बाई, एवढं घट्ट काहून घालता वं? अंगाले हवा नको का?"

त्या वाक्यावर मी दोन वर्षं विचार करते आहे. आजचं भाषण त्याचंच आहे.

आधी आपल्या उन्हाबद्दल. हवामान खात्याच्या हिशोबाने मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट. आपण चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे लोक हे आकडे दर मे महिन्यात चहा पिताना वाचतो. २०१९ च्या मे अखेरीस आपला पारा ४८ च्या घरात होता. बाहेरगावी गेलेल्यांना आपण हे जरा अभिमानानेच सांगतो. पण अभिमानाने घाम वाळत नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठे २०१३ साली त्या शहराने देशातली पहिली उष्णता कृती योजना केली. ऊन माणूस मारतं, आणि मारताना वय बघतं. पन्नाशीनंतर तहान उशिरा लागते, घाम पूर्वीसारखा सुटत नाही. त्यात आपल्यापैकी निम्मे बीपीच्या गोळीवर. त्यातली काही औषधं लघवी वाढवून शरीरातलं पाणी काढतात. उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका.

आता कपडे. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेर ४५ असेल तर वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उघडं अंग म्हणजे गार अंग, हे खोटं आहे. मुंबईची मैत्रीण स्लीव्हलेस घालून येते आणि म्हणते, "तुम्ही एवढं झाकून कसं घेता?" बाई, आम्ही अंग झाकतो ते भट्टीपासून. इथे लागतात सैल, सुती, फिक्या रंगाचे, मनगटापर्यंत बाह्या असलेले कपडे. सैल अशासाठी की कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा फिरली पाहिजे, घाम वाळला पाहिजे. घाम वाळतो तेव्हाच अंगातली उष्णता जाते. आपला डेझर्ट कूलर हेच करतो. ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा गेली की गार होते. डोक्याला ओला दुपट्टा बांधला की माणूस स्वतःच कूलर होतो. खिशातल्या कांद्याबद्दल मी कोणाशी भांडत नाही, ठेवा बापडे. पण कांद्यासोबत पाण्याची बाटलीही ठेवा.

आणि बायकांनो, वरून सुती साडी नेसून आत सॅटिनचा परकर आणि पॉलिएस्टरचं अस्तर असेल तर ती सुती साडी फक्त बघणाऱ्यासाठी आहे. अंगाला लागतं ते आधी सुती करा. कोसा आपला आहे, आरमोरीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्याचा आहे, मला त्याचा जीव की प्राण. तो डिसेंबरच्या लग्नात नेसा. पुरुषांनो, पोटावर ताणून बसवलेली जीन्स आणि इन केलेला टेरीकॉटचा शर्ट, हे दहावीच्या फोटोत शोभलं. आता पट्टा एक भोक सैल करा.

कोणी म्हणेल, हेमलकशाचे प्रकाशभाऊ आमटे हाफ पँट आणि बनियनवर आयुष्य काढतात, त्यांना काही होत नाही. त्यांनी ते अंगाच्या सोयीसाठी घेतलेलं नाही. अवतीभवतीच्या माडिया लोकांच्या अंगावर पुरेसं कापड नव्हतं, म्हणून घेतलेलं आहे. आणि भामरागडच्या जंगलात डोक्यावर झाड असतं. आपल्या सिमेंटच्या रस्त्यावर काय असतं, ते तुम्हीच सांगा.

मे महिन्यातली दुसरी अडचण म्हणजे एसी. बाहेर ४६, बँकेत २२. त्यावर मी एकच उपाय केला. वरचा कपडा समोरून उघडणारा. समोर बटणांचा कुर्ता किंवा सैल शर्ट, आत पातळ सुती, आणि पिशवीत एक स्टोल. एसीत स्टोल घ्यायचा, वाफ चढली की शर्टाची बटणं उघडायची. डोक्यावरून काढायचे कपडे या वयात कामाचे नाहीत, कारण भर मीटिंगमध्ये ते काढता येत नाहीत. आणि वाफेचा त्रास फार असेल, झोप उडत असेल, तर डॉक्टरकडे जा. मी दीड वर्ष गेले नाही, लाजले. डॉक्टर बाईंनी दहा मिनिटांत समजावलं.

एप्रिल-मेमध्ये अवकाळीही येतोच. सकाळी लू, संध्याकाळी गारा. स्कूटीच्या डिकीत पातळ रेनकोट मी बाराही महिने ठेवते.

मग पावसाळा. इथे उन्हाळ्याचा सगळा नियम उलटतो. हवाच ओली, त्यामुळे घाम वाळत नाही, कूलरही निकामी होतो. जाड सुती कपडा एकदा भिजला की दिवसभर अंगावर ओला राहतो, आणि जीन्स तर दोन दिवस वाळत नाही. या चार महिन्यांत पातळ, लवकर वाळणारं कापड घ्या, थोडं मिश्रण चालेल. खालचा कपडा गडद रंगाचा आणि घोट्याच्या वर. पायात मागे पट्टा असलेली रबरी चप्पल. पॉलिथिनमध्ये एक कोरडा कुर्ता, एक टॉवेल. ओल्या कपड्यातून नायटा होतो, तो या वयात लवकर हटत नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी पायाची बोटं रोज कोरडी करून बघावीत. गडचिरोलीकडच्या मित्रांना मी काय सांगणार? पर्लकोटेला पूर आला की त्यांचा रस्ताच बंद होतो, पिशवीत दोन दिवसांचे कपडे ठेवायला आपणच त्यांच्याकडून शिकावं.

हिवाळ्यात पहाटे हुडहुडी आणि दुपारी पंखा, इतका फरक आपल्याकडे असतो. एक जाड स्वेटर घालून निघालात तर अकरा वाजता तो हातात वागवावा लागतो. त्याऐवजी दोन पातळ थर घाला. आत बिनबाह्यांचा स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. स्कूटीवर थंडी वाऱ्याची असते, ती लोकरीपेक्षा जाकीट जास्त अडवतं. आणि ऊर्जानगर, दुर्गापूरकडे राहणाऱ्यांना सांगायला नको की पांढरे कपडे गच्चीवर वाळत घालू नयेत. राखेची नक्षी फुकट मिळते.

एवढं सांगून बसले असते. पण एक गोष्ट राहिली, आणि ती इथेच सांगायची आहे, कारण बाई समोर बसल्या आहेत.

आपण आठवीत होतो. १ मे, निकालाचा दिवस. पालकांना बोलावलं होतं. माझी आई तेंदूपत्त्याच्या कामावर जायची. पहाटे चारला जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, मग सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे. त्या दिवशी ती तशीच, पानांच्या चिकाने काळे झालेले हात घेऊन, शाळेत आली. अंगावर सुती पातळ, त्यावर बाबांचा फुल बाह्यांचा मळका शर्ट, डोक्याला दुपट्टा. काही मुली हसल्या. त्यातल्या काही आज इथे आहेत, मी नावं घेत नाही, आपण लहान होतो. एकीने विचारलं, "ती कोण गं?" मी म्हटलं, "शेजारची बाई आहे. आईला जमलं नाही."

बाईंनी ते ऐकलं. मला काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली, माठातलं पाणी दिलं, आणि आईला म्हणाल्या, "बसा. तुमच्या मुलीचा वर्गात तिसरा नंबर आला आहे."

माझ्या आईला कापडाचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. सैल, सुती, पूर्ण बाह्या, समोरून बटणं, डोक्याला दुपट्टा. आज मी दहा मिनिटं जे तुम्हाला सांगितलं, ते सगळं तिच्या अंगावर होतं. ज्या कपड्याची मला लाज वाटली, तसाच कपडा घातलेल्या बाईने गोल बाजारात मला उचललं. आणि आता स्कूटीवर मी काय घालते? नवऱ्याचा जुना पांढरा सुती शर्ट.

आई आता शहात्तर वर्षांची आहे, मूलला भावाकडे असते. गेल्या दिवाळीत मी तिला ही गोष्ट सांगितली. म्हटलं, "मी तेव्हा खोटं बोलले होते." तिने सुपातले तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मले नाही आठवत, माय. ऊन लय होतं, एवढं आठवते."

मैत्रिणींनो, मित्रांनो, तीस-पस्तीस वर्षं आपण बघणाऱ्यासाठी कपडे घातले. इंटरव्ह्यूसाठी, सासरसाठी, फोटोसाठी. त्यात चूक काही नाही, मीही आज चांगली साडी नेसले आहे. सुती आहे, परकरसुद्धा. पण उद्यापासून कपाट उघडलं की आधी अंगाला विचारा, मग आरशाला. आणि कोणी वर्गमित्र उन्हात बरळायला लागला, किंवा तापलेल्या अंगाचा घामच बंद झाला, तर आधी दवाखान्याची गाडी बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करा, ओलं कापड फिरवा, पंखा लावा. तेव्हा लाज आड आणू नका. माझ्या वेळी भाजीवालीने आणली नाही, म्हणून मी आज बोलते आहे.

बाई, त्या दिवशीच्या खुर्चीबद्दल आणि पाण्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.

आणि ब्लेझरवाल्या दोघांनो, आता तरी काढा.