चार साड्यांचं घर
(पुण्यात वस्तीतल्या स्त्रियांच्या बैठकीत केलेलं भाषण)

घर म्हणजे बाईचं राज्य, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या राज्याचा नकाशा निघतो तेव्हा ठेकेदार बोलतो नवऱ्याशी नाहीतर दिराशी. ओटा कुठे यायचा हे ठरवतो तो, ज्याने त्यावर कधी भाकरी थापली नाही.

आपल्या पुण्यातच थोडं वेगळं घडलेलं आहे. केंद्र सरकारचं नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान २००५ साली सुरू झालं. त्यातून येरवड्याच्या शीला साळवे नगर, नेताजी नगर, मदर तेरेसा नगर अशा वस्त्यांत कच्च्या घरांच्या जागी, तिथल्या तिथे, पक्की घरं बांधली गेली. वस्ती उठवून लांब कुठेतरी इमारतीत नेली नाही. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई या कामात होते, आणि महिला मिलनच्या बायकाही. घर २७० चौरस फुटांचं. सुमारे दहा टक्के खर्च कुटुंबाने द्यायचा. ज्यांच्या पायाखाली तेवढी जमीन नव्हती, त्यांचं घर वर चढलं: खाली एक खोली, वर एक.

२७० चौरस फूट म्हणजे किती? कागदावर कळत नाही. आपली गोल साडी साधारण अठरा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. अशा चार साड्या शेजारी शेजारी अंथरा. झालं तुमचं २७० फुटांचं घर! दोन मजल्यांचं असेल तर एका मजल्याला दोनच साड्या, आणि त्यातूनही जिना जागा खाणार.

आता त्यावर राहून बघा. घरात जितकी माणसं निजतात तितक्या जणी आडव्या व्हा. एकीने मोरीत भांडी घासायला बसावं, दुसरीने तिच्यामागून पाण्याची कळशी न्यावी. संडासाचं दार बाहेर उघडलं तर चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला लागतं का? पाहुणे बसलेले असताना वयात आलेली मुलगी कपडे कुठे बदलणार? हा प्रश्न मी अजून एकाही नकाशावर लिहिलेला पाहिला नाही.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या महिला मिलनच्या बायकांनी १९८० च्या दशकात असाच विचार केला होता. त्यांनी चौदा फूट उंचीचं घर मागितलं, म्हणजे आत पोटमाळा निघतो. जमीन तेवढीच आणि निजायची जागा मात्र वाढलेली.

ओट्याचं माप गवंड्यावर सोडू नका. उभं राहून कोपर वाकवा. त्याच्या चार-एक बोटं खाली ओट्याचा माथा आला की खांदे दुखत नाहीत, वाकावंही लागत नाही. सासू आणि सून यांच्या उंचीत फरक असेल तर जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप. (यावर घरोघरी भांडण होईल, होऊ दे.) खिडकी दाराच्या समोर मिळाली तर वारा आरपार जातो. गल्लीमुळे ते जमत नसेल तर वर झरोका मागा.

नकाशा वाचणं अवघड नाही. जाड रेघा म्हणजे भिंती. पाव वर्तुळ दिसलं की ते दार, ज्या बाजूला काढलंय त्या बाजूला उघडणारं. सगळी मापं समजेपर्यंत अंगठा करू नका, सहीही नको.

आणि कागदावर नाव कोणाचं? २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे. ‘तुझं नाव कशाला, मी आहे ना’ असं म्हणणाऱ्याला ती दाखवा. घरातून बाहेर काढलेली बाई माहेरच्या ओसरीवर किती दिवस राहते, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

बरं, आता सतरंजी गुंडाळा. चौघींनी पिशवीतल्या साड्या काढा, आणि कुणीतरी दारापाशी उंबऱ्याच्या जागी काठी ठेवा.