दात, ओठ आणि चेहरा



आयुष्यभर गेटसभांतून बोलणाऱ्या माणसाने दातांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही सातवीपर्यंतच झालेली. पण कामगाराच्या घरातला प्रश्न पुढे आला की त्याचे मूळ शोधल्यावाचून आम्हांला चैन पडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या पतपेढीकडे एका सहकाऱ्याचा अर्ज आला. मुलीच्या दातांना तार बसवायची होती, त्यासाठी कर्ज हवे होते. कमिटीने 'ही चैनीची बाब आहे' म्हणून अर्ज फेटाळला. त्या कमिटीत आम्हीही होतो. पुढे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलगी तोंडावर ओढणी धरूनच आमच्याशी बोलली. वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटायचे म्हटले तरी हनुवटीला ताण पडे. आम्ही शरमलो. कर्ज मंजूर झाले. पण आता बापच अडला. डॉक्टरांनी चार चांगले दात काढावे लागतील असे सांगितले होते. "दादा, पोरीचं तोंड म्हातारीसारखं बसलं तर?" या प्रश्नाने आम्हांला ग्रंथालयाची वाट दाखवली.

दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने सतत हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड बसते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. म्हणूनच या कामाला दीड-दोन वर्षे लागतात. घाई करून भागत नाही.

आता ओठ. ओठ दातांना टेकलेले असतात, म्हणून दात मागे गेले की ओठही मागे येतात. मात्र तेवढेच नव्हे. वरचे दात ३ मिलिमीटर मागे गेले, तर वरचा ओठ ढोबळ मानाने २ मिलिमीटर मागे येतो. खालचा ओठ दातांच्या जास्त जवळून चालतो. हे सरासरीचे माप झाले. जाड ओठ कमी हलतो, पातळ ओठ जास्त. नाक आणि गालाची हाडे जागच्या जागी राहतात; पण ओठ मागे आल्याने नाक अधिक उठून दिसू शकते.

दात काढावे की नाही, हा वाद जुना आहे. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांची वर्गवारी केली. सगळे दात राखले तरच चेहरा सुंदर होतो, असा त्यांचा आग्रह होता. नमुना म्हणून ते अपोलोच्या पुतळ्याकडे बोट दाखवीत. केल्विन केस यांनी १९११ साली याला उघड विरोध केला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या रुग्णांचे पुढे आलेले ओठ पाहून असमाधान वाटले. त्यांनी शंभर रुग्णांवर दात काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० साली ते काम सहकाऱ्यांपुढे मांडले. गुरूची चूक शिष्याने स्वतःच्याच कामात तपासली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

पण चूक उलट्या बाजूनेही होते. वयाबरोबर ओठ पातळ होतात, नाक-हनुवटी ठळक होतात. ज्याचे ओठ मुळात सपाट, त्याचे दात फार मागे ओढले तर बापाची भीती खरी ठरते. ज्याचे ओठ फार पुढे, त्याला मात्र लाभच होतो. शिवाय माप कोणाचे, हेही विचारावे. नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढून ओठ तिच्या मागे असावेत, असा रिकेट्स यांचा दंडक आहे. तो गोऱ्या चेहऱ्यांवर बसवलेला. भरल्या ओठांचा माणूस हा काही आजारी माणूस नव्हे!

म्हणून आम्ही बापाला सांगितले, करारावर सही करण्यापूर्वी कलमे वाचतो, तसे येथे विचारा: बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात दात किती पुढे दिसतात? किती मागे न्यायचे? ओठ किती येतील? दात न काढता भागेल का? दुसरे डॉक्टर काय म्हणतात? नंतर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून काय घालावे लागेल? आणि मुलीचे स्वतःचे म्हणणे काय?

त्यांनी विचारले. डॉक्टरांनी चित्र समोर धरून समजावले. दात काढले, दोन वर्षे गेली. मुलीचे नाक तेच, गाल तेच, चेहरा बापाच्याच वळणाचा. मात्र ओठ आता विनासायास मिटतात, आणि हसताना ओढणी खांद्यावरच राहते.

ज्या कमिटीने तिला चैन म्हटले, तिच्यात आम्ही होतो, हे कबूल करून आपली रजा घेतो.