घरी बांधलेले विमान आणि त्याची एरियल



घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचे नाव आठवते. मुंबईत कांदिवलीला, चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची सरकारदप्तरी नोंद झाली आणि २०२० साली ते धुळ्याला आकाशात उडाले. अशा विमानाचे पंख आणि इंजिन सारेच पाहतात. मी आज बोलणार आहे ते त्याच्या एका लहानशा भागाविषयी, म्हणजे रेडिओच्या एरियलविषयी.

पूर्वी आपल्या घरांवर दोन काठ्यांना रेडिओची तार ताणलेली असे. ती हातभर कमीजास्त झाली तरी चाले, कारण तिला फक्त ऐकायचे असे. विमानाच्या एरियलला बोलायचेही असते. म्हणून तेथे मापाला महत्त्व येते.

वैमानिकाचे विमानतळाशी बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. तेथील लाटेची लांबी सुमारे २३५ सेंटिमीटर. एरियल तिच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर हवी. आपल्या जुन्या मापाने सव्वा हात! विमान हजार मीटर उंच असेल, तर एवढ्याशा काठीचा आवाज सपाट मुलखात शंभर किलोमीटरच्याही पलीकडे पोचू शकतो. होटगी रस्त्यावरून पंढरपूर त्याच्या आतच आले.

परंतु नुसती काठी उभी करून भागत नाही. तिच्या पायाशी धातूचा पत्रा लागतो. काठी हे अर्धे अंग, पत्रा हे दुसरे अर्धे. पत्र्याच्या विमानात तो आयताच मिळतो. लाकूड-कापडाच्या विमानात तो आतून बसवावा लागतो, किंवा तांब्याच्या दोन पट्ट्या एकीखाली एक लावून शेपटीच्या उभ्या पंखात एरियल लपवता येते. फायबरग्लासमधून लाटा सुखाने जातात. कार्बन फायबर त्यांना अडवतो, तेथे एरियल बाहेरच हवी.

बहुतेक घात होतो तो जोडात. केबलची बाहेरची जाळी पत्र्याला पक्की भिडली पाहिजे. मध्ये रंगाचा पातळ थर राहिला, तरी जोड कच्चा. गंमत अशी, की जवळचे बोलणे तरीही ऐकू येते. बांधणाऱ्याला वाटते, रेडिओ उत्तम आहे! मग आकाशात तो उतरण्याची परवानगी मागतो, आणि खाली कोणालाच ते ऐकू जात नाही. धावपट्टीकडे येणाऱ्या दुसऱ्या विमानालाही त्याचा पत्ता नसतो.

यावर उपाय साधा आहे. परतणारी शक्ती मोजणारे एक यंत्र मिळते. त्याचा आकडा एक असेल तर सर्व शक्ती बाहेर गेली. दोन असेल तर नववा हिस्सा परतला. तीन असेल तर चौथा हिस्सा. दोनच्या वर आकडा गेला, की जोड उघडून पाहावा. मग जमिनीवरच विमान चारी दिशांना फिरवून दूरच्या माणसाशी बोलून पाहावे.

कारखान्यात एकाचे काम दुसरा तपासतो. घरी बांधणाऱ्याला स्वतःच्या हातावर स्वतःच संशय घ्यावा लागतो. हौसेला ही शिस्त जोडली, तरच ते विमान, विमान म्हणवून घेण्यास पात्र होते.