लाल फडके



सामोआ हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश. वस्ती साधारण दोन लाख. तिथे २०१९ च्या अखेरीस गोवराच्या साथीत ८३ जण दगावले, त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची लेकरे. एवढ्याशा देशात!

लस नव्हती का? होती. पण जुलै २०१८ मध्ये तिथे दोन तान्ही बाळे लस टोचताच गेली. लस खराब नव्हती. तिची पूड विरघळवताना पाण्याऐवजी भुलीचे औषध मिसळले गेले होते. हे नंतर कळले. आईबापांनी पाहिले ते एवढेच, की सुई टोचली आणि बाळ गेले. ही लस सरकारने कित्येक महिने बंद ठेवली, आणि अफवांना रान मोकळे मिळाले. लस घेतलेली बाळे जेमतेम तिसरा हिस्सा उरली. अशा आईला मी तरी अडाणी म्हणणार नाही. आपल्या पाड्यावर कोणी ‘सुई नको’ म्हणाली, तर आधी विचारा, शेजारी काही घडले होते का?

साथ आली ती न्यूझीलंडकडून. घरोघरची माणसे तिथे कामाला, येणेजाणे सततचे. शाळा बंद झाल्या. मग ५ आणि ६ डिसेंबरला सरकारने सगळे व्यवहार थांबवले आणि पथके दारोदार पाठवली. ज्या घरात कोणी लसीवाचून राहिले असेल, त्यांनी दारासमोर लाल फडके लावायचे होते.

लोकांनी फडकी लावली. जिथे ते दिसले, तिथे गाडी थांबली.